सुकदेवच्या नावाची मूठ

जीवराम आमच्या देवपूरच्या कॉलेजात शिपाई. फिल्म क्लबचा पडदा बांधायचा, खुर्च्या मांडायच्या आणि पिक्चर सुरू झाला की मागच्या बाकावर डुलक्या काढायच्या, हा त्याचा शिरस्ता. मला त्याचा हेवाच वाटे. आम्हाला डोळे ताणून समजल्याचा आव आणावा लागायचा.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात एक इराणी लघुपट आला. एक माणूस पाठीवर दार घेऊन ओसाड माळावरून चालतो. घर नाही, भिंत नाही. संध्याकाळी दार उभं करतो, कडी वाजवतो. कोणी उघडत नाही. पुन्हा पाठीवर घेतो. संवाद एकही नाही. नंतर चर्चेत आम्ही शब्दांचा नुसता भुगा पाडला. जीवराम मात्र त्या दिवशी जागा होता. खुर्च्या उचलताना म्हणाला, "सर, त्याने ते खाली का नाही हो ठेवलं? किती दमला होता."

जीवरामचा थोरला, सुकदेव, दहावीला नापास झाला तेव्हा बापाने हात उगारला. पोरगा निघून गेला तो गेलाच. सुरतेला कोणी पाहिला म्हणे, कोणी म्हणे नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीचा सण; तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाला, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि तो रोट घरच्यांनीच संपवायचा. जीवरामची बायको बेबाबाई दरवर्षी सुकदेवचीही मूठ घ्यायची. त्याच्या वाट्याचं ही दोघं नवरा-बायको कसंबसं गिळायची. जीवराम या गिळण्याला पार कंटाळला होता.

त्याच श्रावणात कानबाई दोन दिवसांवर आली. बेबाबाई सुपात गहू घेऊ लागली तसा तो म्हणाला, "आवंदा सुकदेवनी मूठ नको लेऊ."

ती रडेल, शिव्या घालेल, देवीची आण घालेल, सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बरं." आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"भांडली असती तर निभावलं असतं, सर," जीवराम मला नंतर सांगत होता. "पण तीबी दमलेली. तिने बरं म्हटलं आणि पोरगा आत्ताच मेला असं वाटलं मला."

"मग?"

"मग काय. गाठ पक्की बसली होती, दातांनी सोडली. मीच घेतली त्याची मूठ. तिने नुसतं सूप पुढं सरकवलं."