विहीणबाईंचा तरवड

माझ्या मुलीचं लग्न झाल्यापासून मी तिच्या सासूवर जळते आहे. सासू चांगली आहे, हेच तर दुखणं. वाईट असती तर चार बायकांत बसून बोलता तरी आलं असतं.

आमची पोर लहानपणापासून अबोल. शाळेत काय झालं विचारलं तरी मिठाची गुळणी धरून बसायची. तीच आता पाथर्डी फाट्याला सासरी ओट्याशी उभी राहून सासूला ऑफिसातलं सगळं रामायण सांगते. मी ते बाहेर सोफ्यावर पाहुणीसारखी बसून ऐकलं आहे. त्या दिवशी पोहे घशाखाली उतरेनात.

म्हणून, कुंपणाला तरवड लावायचाय असं मुलगी म्हणाली, तेव्हा मी पदर खोचला. नर्सरीतली परदेशी झुडपं तिला नको होती. आपल्या डोंगरावरचं, पिवळ्या फुलांचं, कमी पाण्यावर भागणारं हवं होतं. पांडवलेणीच्या पायथ्याशी हिंडून मी वाळलेल्या चपट्या शेंगा गोळा केल्या, बी काढलं. रोपं माझ्या हातची असली की पाणी घालताना तिला रोज माझी आठवण होणार, असा माझा सरळ हिशोब. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थोडं मलाही द्या, मी पण करून बघते." नाही कसं म्हणणार? मूठभर दिलं, तेही बारकं बारकं बघून.

पेरायला अवकाश होता. कीड लागू नये म्हणून मी तुरीला लावते तसं बियाला एरंडेल चोळलं आणि बरणीत भरलं. आमच्याकडे सगळं कडधान्य असंच टिकतं. थंडी सरल्यावर पिशव्यांत माती भरून बी पेरलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी गच्चीत जाऊन बघायला लागले. हिरवा ठिपका दिसेना. शेवटी न राहवून उकरलं, तर बी जसंच्या तसं, तुकतुकीत.

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला. विहीणबाईंच्या अंगणात रोपंच रोपं, आणि खाली माझ्या मुलीने टाकलेले बदाम. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी फोन केलाच.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या, "मटकीला मोड आणते तसंच केलं. उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर टाकलं, फुगलं तेवढं ओल्या फडक्यात बांधलं. कवच कडक असतं ना त्याचं, पाणी आत शिरायला हवं."

मटकी! माझ्या घरात दर रविवारी मिसळ होते. मोड आणण्यात माझा हात धरणारी आमच्या गल्लीत कुणी नाही. आणि मीच त्या दगडासारख्या बियाला वरून तेल चोळून पाण्याची वाट आणखी बंद केली होती. हे मला न सुचता त्यांनाच सुचावं, याने अंगाचा तिळपापड झाला. पोस्टात आयुष्य काढलेली बाई ती!

पावसाळ्यात लावणीला मला बोलावणं आलं. विहीणबाईंनी पहिलं रोप माझ्या हातात दिलं. "बी तुम्ही आणलं, पहिला मान तुमचा." इतकं चांगलं माणसाने वागू नये. मी चिखलात बसून ते लावलं. मुलगी मातीचं घमेलं उचलायला वाकली, तशा विहीणबाई घाईघाईने ओरडल्या, "अगं, तू उचलू नकोस!"

मी मान वर केली. विहीणबाईंनी जीभ चावली. मुलगी माझ्याकडे बघेना.

"आई, तुला सांगणारच होते मी," ती म्हणाली. "तिसरा महिना सरू दे म्हटलं आधी."

मी मातीच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. तिचा ड्रेस खराब झाला. विहीणबाई आतून साखर घेऊन आल्या आणि पहिली चिमूट त्यांनी माझ्या तोंडात घातली. मी आजी होणार होते. खोटं कशाला बोलू, आधी मी जळले, आनंद मागून आला.