वजा नऊ

दिवाळी सरली होती आणि पालीच्या रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रक लागले होते. सगळी आळी बिऱ्हाड चढवत होती. आम्ही चौघं मात्र बीडच्या एसटी स्टँडकडे निघालो होतो. आमच्या वडिलांना, अण्णांना, पुण्यात एका गोल्फ कोर्सवर माळ्याचं काम मिळालं होतं. नाना, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, स्वतःचा ट्रक सुटायची वेळ झाली तरी आम्हाला रिक्षात बसवायला आले. "ऊस न्हाई तर गवत," ते अण्णांना म्हणाले. "कापायचंच हाय, तर जा मुकाट्यानं. पोरींच्या साळा तरी धड होतील." माझी धाकटी बहीण शितू काकूचा पदर धरून रडत होती. काकूनं तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि तोंड फिरवलं.

पालीतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच पाली सोडून कुठं कुठं पांगलेल्यांनो, शितू आज कोण आहे हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. सोमवारी कोर्स बंद असायचा, तेव्हा कामगारांच्या पोरांना खेळायची मुभा होती. एका मेंबरबाईंनी आपले जुने क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, दिल्या. शितू आधी मेंबरांच्या पिशव्या वाहणारी कॅडी झाली, मग खेळाडू, मग चक्क प्रोफेशनल. 'प्रोफेशनल गोल्फर' हे शब्द आईला अजून एका दमात म्हणता येत नाहीत. मी इकडे एसीत बसून लॅपटॉप बडवते आणि सुट्टीच्या दिवशी ज्वारीची भाकरी ऑनलाइन मागवते, यावर काकू काय म्हणेल ते मला माहीत आहे.

पण प्रो होणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. स्पर्धेत दोन दिवसांच्या खेळानंतर मागं राहिलेल्यांना घरी पाठवतात. त्याला कट हुकणं म्हणतात. शितूचा कट इतक्यांदा हुकला की आम्ही विचारायचंच सोडलं. त्यापायी तिनं पालीला जाणंही सोडलं. लग्न असो, जत्रा असो, तिचं एकच पालुपद, "जिंकल्याशिवाय गावाला तोंड दाखवणार नाही." काकू फोनवर विचारायची, "शितू कवा येती?" आणि आई विषय बदलायची.

शेवटी एकदाची ती जिंकली. मी स्कोअरबोर्डावरचं तिचं नाव दिसेल असा फोटो काढून नानांच्या फोनवर धाडला आणि खाली लिहिलं, 'उद्या येतोय.' वाटलं, आता पालीत हलगी वाजणार, फेटे बांधणार, निदान एखादा हार तरी असणार.

हलगी नाही, हार नाही. काकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, शितूच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "बस माय, दमलीस." शेजारपाजारचे आले, ऊन फार हाय म्हणाले, अण्णांचे गुडघे कसे हायत विचारलं आणि उठून गेले. खेळाचा कुणी शब्द काढला नाही. ट्रॉफी पिशवीतच राहिली. शितूचा चेहरा एवढासा झाला. मी आतून नुसती धुमसत होते. गाव सोडलेल्यांचं चांगलं झालेलं यांना बघवत नाही, असंच माझ्या डोक्यानं घेतलं. जेवायची ताटं मांडली आणि माझा तोल सुटला. "नाना, हिचं कौतुक करताना तोंड दुखतं का तुमचं?"

नाना गांगरले. "कौतुक? अगं, लेकरू वजा नऊवर आलंय. त्येला कशाला दुखवायचं?"

त्यांच्या पोरीनं बीडच्या क्लासला दोन वर्षं काढली होती. चुकलेल्या उत्तराला मार्क वजा होतात, हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. फोटोत शितूच्या नावापुढं 'वजा नऊ' दिसलं आणि घरावर अवकळा आली. "कारखान्यावरनं आलेल्याला पयल्या दिवशी कुनी इचारतं का, शीजन कसा गेला म्हनून?" नाना म्हणाले. "आदी खाऊ घालायचं, निजू द्यायचं. आमी तसंच केलं."

मग मी सांगितलं, की गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं, वजा नऊ म्हणजे ठरल्या फटक्यांपेक्षा नऊ कमी, शितू सगळ्यांत पुढं. "म्हंजी पयली आली?" नानांनी कपाळावर हात मारला. "आन् आमी सकाळपासून मयत झाल्यावानी बसलोत!" काकू हसता हसता खाली बसली. मीही हसले आणि मग मला रडू आवरेना.

शितू मात्र हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "नाना, मी खरंच हरून आले असते तर?"

"तर काय? हरली समजूनच तर काकूनं तुझ्या आवडीची येसर आमटी केलीया."

तिनं ताट पुढं ओढलं आणि मान खाली घालून जेवत राहिली. ट्रॉफी तिनं नंतर काढली, तीही नानांनी दोनदा मागितल्यावर.

नाना, काकू, तुमचे उपकार मानायला शब्द नाहीत आणि मानले तर तुम्ही रागवाल. आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला, दारावर नावाची पाटी लावली, पण आल्या आल्या निकाल न विचारणारी माणसं पालीतच राहिली आहेत.

यंदा शितूचं काही खरं नाही. गेल्या महिन्यात पुन्हा कट हुकला. धीर द्यावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला, तर मागं कोंबड्यांचा कलकलाट.

"पालीत आहे," ती म्हणाली. "जेवतेय. मग बोलू."