येट्टाबाईंची खुर्ची

येट्टा ग्रुनेबाउम यांचे हक्क सरकारने एकदम नेले नाहीत, हप्त्याहप्त्याने नेले. आधी वकील मुलाची सनद गेली, पाठोपाठ मुलगाही अर्जेंटिनाला गेला. मग मताचा अधिकार गेला, नागरिकत्व गेलं, वाचनालय गेलं, नदीकाठचा पोहण्याचा तलाव गेला. "मला मेलीला पोहता कुठे येतंय!" म्हणून तलावाचं दुःख त्यांनी झटकलं. पण अडतीस सालच्या वसंतात बागेतल्या बाकांवर 'ज्यूंना मनाई' अशा पाट्या ठोकल्या, तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला. लग्न होऊन या जर्मन गावात आल्यापासून त्यांतल्याच एका बाकावर त्या आणि शेजारची ख्रिस्ती टिली लोकर विणत आणि गावाची उणीदुणी काढत बसत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी येट्टाबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली आणि टिलीच्या बाकाला खेटून मांडली.

पोलीस कुर्ट धावत आला. "ग्रुनेबाउमबाई, बसायला बंदी आहे!"

"बाकावर ना? मग हा तुला बाक दिसतो?"

कुर्टने खुर्चीभोवती चक्कर मारली. नियमात खुर्ची नव्हती. बिचारा वर विचारायला गेला.

आठवड्याभरात बागेच्या फाटकावरच मनाईची पाटी आली.

"बघ टिली, माझ्या एका खुर्चीपायी सरकारला रंगाचा डबा आणावा लागला!" येट्टाबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू आता येऊ नकोस गं. नवऱ्याची टपालातली नोकरी जाईल."

टिली जात्याच भित्री. बदकांना भ्यायची, नवऱ्याला तर त्याहून. ती खरंच आली नाही. येट्टाबाई फाटकाबाहेर बाजारचौकाच्या फरसबंदीवर खुर्ची टाकून एकट्याच विणत राहिल्या. ही मैत्रीणही सरकारजमा झाली, असं त्यांनी मनाशी धरलं.

आणि बाजाराच्या दिवशी, भर गर्दीतून, टिली आली. हातात स्टूल. टपालघराच्या दारातून नवरा तिच्या पूर्ण नावाने ओरडला, "ओटिलिए! मागे फिर!" तिने वळूनही पाहिलं नाही. बटाटे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कुर्ट तोंड उघडं टाकून बघत होता. टिलीने स्टूल खुर्चीशेजारी ठेवलं आणि बसली. पिशवीतून लोकर काढून तिने टाके घालायला घेतले.

पोलिसाला गप्प करणाऱ्या येट्टाबाई नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत ही बाई आपल्याला कळलीच नव्हती!

"बघतेस काय?" टिली म्हणाली. "सरक की जरा. सगळं ऊन एकटीच खाणार का?"