पालखी जड झाली

देवीवर माझा राग होता. बाई घरात मार खाते आणि शुक्रवारी देवीची ओटी भरते. मग देवी करते काय, हा माझा सरळ प्रश्न. आमच्या भोरच्या महिला गटाची पत्रकं घेऊन मी वेल्ह्यातली गावं फिरते. मारणं हा गुन्हा आहे, नवऱ्याचा हक्क नाही, हे सांगून घसा बसतो. पासलीच्या पुढच्या वाडीत मंदाताई राहतात. ओठ सुजलेला, आणि विचारलं की एकच उत्तर, "गोठ्यात पाय घसरला."

त्या दिवशी वाडीत सभा ठेवली, तर कुणी फिरकलं नाही. गावदेवीची पालखी निघाली होती. चिडून, थकून मीही पालखीमागं चालू लागले. मनात म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही गं बाई, आता तूच बघ.

पालखी दारोदार ओवाळून घेत पुढं जाते. मंदाताईंच्या दारात मात्र ती हलेना. खांदेकरी घामाघूम झाले. "जड झाली," पुढच्या खांद्याचे तात्या म्हणाले. ते मंदाताईंचे चुलतसासरे. पालखी जड झाली म्हणजे त्या घरात काही बोलायचं राहिलंय, असा तिथला समज.

"काय आसंल ते देवीला सांग, पोरी. आमी हितंच उभं हाय," तात्या मंदाताईंना म्हणाले.

मंदाताईंनी ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "ह्ये मला मारत्यात," एवढंच म्हणाल्या.

दारातच उभा असलेला त्यांचा नवरा हसला. "नवरा-बायकोचं हाय त्ये, तात्या. देवी काय पंचायतीत बसती व्हय?"

"ती न्हाई, आमी बसतू. मार थांबंस्तवर पालखीला तुजा खांदा न्हाई."

"आन आवाज आला की आमी आत शिरणार," शेजारच्या काकू म्हणाल्या. "दार वाजवत बसणार न्हाई."

तात्यांनी मंदाताईंना माहेरी जायचं का विचारलं. "माजंबी घर हाय ह्ये. मी कुठं जाऊ? मार थांबाया पायजे." मग पालखी उचलली गेली. जड कुणी केली, खांदेकऱ्यांनी की देवीनं, ते मी विचारलं नाही.

मार थांबलाय. काकू येता-जाता डोकावतात, मीही जाते. नवऱ्याला खांदा अजून मिळालेला नाही, आणि तो तात्यांना विचारत असतो, कधी मिळंल म्हणून.

बाईनं आजच, माझ्यासमोरच बोलावं, हा हट्ट मी त्या दारात सोडला. आता शेजारी बसते, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. एवढा धीर माझा नव्हे. तो देवीनं दिला, तिचे उपकार.