क्लॅरनेटवर ऐकलेली गाणी

गाण्यांविषयी मी लिहावं हे धाडसच आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. मला सूर धरता येत नाही. टाळी वाजवतानाही माझी एखादी टाळी मागे पडते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे लिहायला बसलो की मागून कोणीतरी विचारेल, "तुला कुणी सांगितलं हे?" असं अजूनही वाटतं. पण एक गोष्ट मला बरीच वर्षं नीट कळलेली नाही. लिहून काढली तर कळेल, अशी आशा आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लगीनसराई संपली की मार्केट यार्डात हमाली. मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. नवं गाणं आलं की बँडमास्तर ते कॅसेटवरून बसवायचे, आप्पा त्यांच्याकडून उचलायचे आणि घरी येऊन घोटायचे. एक ओळ वीस वेळा, मग पुढची. पेठेत रेडिओ वाजत असणारच, पण नव्वदच्या दशकातली बहुतेक गाणी माझ्या कानावर पहिल्यांदा पडली ती अशी, तुकड्यातुकड्यांनी आणि शब्दांशिवाय. गाण्याला शब्द असतात हे मला ठाऊक होतं, पण घराला रंग असतो तेवढंच. रंग नसला तरी घर घरच.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी कँटीनमध्ये टेपवर एक गाणं लागलं. मी सहज म्हणालो, "हे पाठवणीचं गाणं."

माझ्याबरोबर कळंब्याहून येणारा एक वर्गमित्र होता. त्याच्या तोंडातला चहा सांडायचा राहिला. "पाठवणीचं? लेका, ह्यात हिरो हिरॉइनला मोटरसायकलवर बसवून पळवून नेतोय. तुमच्या पेठेत नवरी मोटरसायकलवरनं पाठवत्यात व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते शब्द ऐकताना मला फार चमत्कारिक वाटत होतं. ओळखीच्या माणसाला परक्याच्या कपड्यात पाहावं तसं. घरी येऊन आप्पांना विचारलं.

"तेच वाजवतो की," आप्पा म्हणाले. "मांडवात शिरताना पळवायचं, पाठवणीला हळू वढायचं. गाणं एकच. बाया रडायच्या ऱ्हात न्हाईत."

तिथून मला हा नाद लागला. गाणं आणि आठवण यांची गाठ कुठे पडते? एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी नोंदी करायला लागलो. कुणाला कुठलं गाणं लागलं की काय आठवतं, एवढंच विचारायचं. कळंब्याच्या मित्राने सांगितलं की बारावीला तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हा पानपट्टीवर एक नाचायचं गाणं चालू होतं. "आता वरातीत ते लागलं की समदी नाचत्यात, आणि मी कडंला जाऊन उभा ऱ्हातोय." मानसशास्त्राच्या सरांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, घटना घडते त्या वेळचे आवाज, वास, उजेड सगळं मनात एकत्र बांधलं जातं. मी ते लिहून घेतलं, आणि काही दिवस मला ते पटलंही.

मग शेजारच्या काकूंनी घोळ घातला. त्यांच्या लग्नात आप्पांनीच वाजवलेलं. मी विचारलं, "काकू, तुमच्या पाठवणीला कुठलं गाणं होतं?"

"मला काय म्हाईत? मी रडत हुते की! कानात निस्तं वारं." मग म्हणाल्या, "पर तुझा आप्पा घरात ते एक लांबडं गाणं वाजवाय लागला की मी दार लावून घेतीया बघ. का ते इचारू नगंस."

म्हणजे गाणं त्यांना आठवत नव्हतं, पण गाण्याला त्या आठवत होत्या. हे सरांच्या वाक्यात कुठे बसवायचं? आणि उलटंही होतं. तेच गाणं एका हंगामात तीस लग्नांत वाजवणाऱ्या माणसाला त्यातलं कुठलं लग्न आठवत असेल? आप्पांना विचारलं तर त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

"लग्नं कुठली आठवत्यात? समदी सारखीच. मला गाणं हितं आठवतंय." त्यांनी खालच्या ओठावर बोट ठेवलं. "ओठ कसा धरायचा, दात कुठं टेकायचं, ते आठवलं की पुढचं आपसूक येतं."

क्लॅरनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर मुडपून धरतात आणि वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. वीस वर्षं वाजवून वाद्याच्या तोंडावर आप्पांच्या दातांच्या दोन खाचा पडल्या होत्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते दात हलायला लागले. डॉक्टरांनी वरचे चार काढले. आई म्हणाली, "बरं झालं, आता बोलणं तरी जरा कमी हुईल," आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. जखम भरल्यावर कवळी आली. आप्पांनी ती बसवली, क्लॅरनेट जोडलं, तोंडाला लावलं. आवाज आला तो हवेचा. पुन्हा फुंकलं, एक किंचाळी निघाली आणि शेजारचं कुत्रं उठून गेलं.

आवाज सरावाने येईल, असं बँडमास्तर म्हणाले. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आप्पांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "गाणीच आठवंनात."

मला वाटलं, वैतागून म्हणतात. पण खरंच तसं होतं. ते सुरुवात करायचे आणि दुसऱ्या ओळीवर अडायचे. बोटं चाळवायची, ओठ काहीतरी शोधायचा आणि थांबायचा. माझ्या वहीत चाळीसेक माणसांच्या नोंदी होत्या, पण गाणं दातांबरोबर जाऊ शकतं अशी एकही नव्हती.

मास्तर भला माणूस. घरी येऊन म्हणाले, "हातकणंगल्याला लगीन हाय, अजून तीन आठवडं हायत. त्यात वाजवून बघा. जमलं तर जमलं. न्हाय तर झांजा घ्या, तुमास्नी काढत न्हाय मी."

ते गेल्यावर आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "झांजा वाजवायला गाणं कशाला लागतंय?"

यापुढचं लिहायला मला लाज वाटते, कारण त्यात मी गायलो आहे. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसलो असताना आप्पा त्याच दुसऱ्या ओळीवर अडले. लहानपणापासून ती ओळ मी शेकडो वेळा ऐकलेली. मी पुस्तकातून डोकं न काढता ती गुणगुणलो.

"असं न्हवं रं," आप्पा म्हणाले.

"मग कसं?"

"तू खाली उतरतोयस. ती वर जाऊन थांबती." त्यांनी ती तोंडाने म्हणून दाखवली, कवळीतून शीळ वाजत होती तरी. मग क्लॅरनेट उचललं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी चुकीचं गायचो आणि आप्पा दुरुस्त करायचे. मी मुद्दाम चुकत नव्हतो, हे सांगायला हवं; मला तसंच येत होतं. आई म्हणायची, "परीक्षा तुझी हाय का त्यांची?" एकेक करून बारा-तेरा गाणी परत आली. पण कवळी मात्र बसेना. वरच्या सुराला ती सरकायची आणि आवाज फाटायचा. लग्नाच्या आदल्या दिवशीही पाठवणीचं गाणं एकदासुद्धा शेवटपर्यंत गेलं नाही.

लग्न दुपारचं होतं आणि त्याच दिवशी दुपारी माझा पेपर. सकाळी आप्पा लाल कोट घालून निघाले. मी "सावकाश वाजवा" म्हणालो. ते म्हणाले, "तू सावकाश लिव्ह." पेपर कसा गेला ते मला आज सांगता येणार नाही.

साडेपाचला मी पेठेच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिलो. सहा वाजले. सव्वासहाला बँडचा टेम्पो आला. आत ढोलवाले काका आणि ट्रंपेटवाली पोरं होती. आप्पा नव्हते. मी वाकून टेम्पोत पुन्हा एकदा पाहिलं.

"आप्पा कुठं?"

"मास्तर आणि त्यो मागनं येत्यात. नवरीच्या बापानं जेवाय ठिवून घेतलंय," काका ढोल उतरवत म्हणाले.

"वाजवलं का त्यांनी?"

"वरातीत कवळी दोनदा निसटली बघ. तिसऱ्या बारीला त्यानं ती काढली, रुमालात गुंडाळली आणि घातली खिशात. मास्तरनं इचारलं, आवं दात कुठं गेलं? तर म्हणतोय, खिशात हायत, तुमी पुढचं गाणं सांगा." काका हसता हसता टेम्पोला टेकले. "निस्त्या हिरड्यांवर वाजवलं लेका. आवाज जरा घोगरा आला, पर पाठवणीचं सगळं वढलं, शेवटापातुर. आणि मास्तर म्हणालं, सोमवारी गारगोटीला बी त्यालाच घ्यायचं."