डनलूसच्या भिंतीपलीकडे

आयर्लंडचा किल्ला बघायला आयर्लंडचा व्हिसा लागत नाही, हे कळलं त्याच संध्याकाळी आमचं जायचं ठरलं. डनलूस उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युकेतच. आपला स्टुडंट व्हिसा पुरतो. आम्ही पाच जण, बर्मिंगहॅमला एकाच कोर्सला. चौघं महाराष्ट्रातून आलेले आणि पाचवी माया. ती इथेच जन्मली, तिचे आईवडील इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत.

पहाटेचं विमान स्वस्त पडतं. बेलफास्टला उतरून गाडी भाड्याने घेतली. संदीपचं भारतीय लायसन्स चाललं, पण वय कमी असेल तर भाडं जास्त लावतात, तेवढं आधी बघून ठेवा. आणि हायवे सोडून किनाऱ्याचाच रस्ता धरा. उशीर होतो, पण एका अंगाला मेंढ्या आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असल्यावर कोणाला घाई असते? वाटेत एका छोट्या कॅफेत गरम सूप आणि सोडा ब्रेड घेतला. ब्रेडवर आईने पाठवलेली जवसाची चटणी पसरली. मस्त लागते.

गाडीत मी एकटाच बोलत होतो. शाळेपासून सह्याद्रीत भटकलोय, त्यामुळे किल्ला म्हटलं की माझ्या अंगात येतं. इथल्या किल्ल्यांना ना माची ना बालेकिल्ला, असं मायाला ऐकवत होतो. "मग आपण बघायला का जातोय?" एवढंच ती म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो.

डनलूस समोर आला आणि माझं तोंड बंद झालं. समुद्रात घुसलेल्या काळ्या कड्यावर उघड्या भिंती उभ्या, छप्पर कुठेच नाही. एका वादळात याचं स्वयंपाकघर खाली समुद्रात कोसळलं म्हणे. तिकीट खिशाला परवडतं, विद्यार्थ्यांना सवलत आहे. वारा मात्र भयंकर, जाकीट विसरू नका.

किल्ल्यावर पोचलं की महाराजांची गारद द्यायची, ही आमची रीत. एकाने खड्या आवाजात बिरुदं म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी जयजयकार करायचा. आमच्यात ती नेहमी मी देतो, माझ्या आवाजाचं कौतुक आहे. संदीपने मोबाइल धरला. माया म्हणाली, "इथे नको ना. पलीकडे कोणीतरी आहे." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते."

आवाज काय घुमला! शेवटच्या जयजयकाराला भिंतीपलीकडून एक बाई दचकून ओरडली. मी खिडकीच्या भगदाडातून डोकावलो. पलीकडच्या गवताच्या उतारावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी असावी अशी एक बाई होती. बाईच्या हातातला डबा खाली पडला होता. ओल्या गवतावर राख सांडली होती आणि वारा ती उडवत होता. समुद्रात सोडायला आणली असणार. दोघं गुडघ्यांवर बसून हातांनी गोळा करायला लागले.

काय चाललंय ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाबांची राख मी सावडली आहे. तेव्हा काकांचा मोबाइल वाजला होता, तर मला त्यांचा इतका राग आला होता की नंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

माया वळसा घालून त्यांच्याकडे गेली. बाकीचे बुजून उभे राहिले. मी? मी खिडकीखाली वाकून बसलो, कोणाला दिसू नये म्हणून. मायाचं सॉरी ऐकू आलं. म्हातारे गृहस्थ हळू काहीतरी बोलले. मग बराच वेळ फक्त वारा. पुन्हा पाहिलं तेव्हा मायाही गुडघ्यांवर होती.

परतताना कोणी गाणी लावली नाहीत. मायाच्या नखांत अजून राख होती. बेलफास्ट जवळ आल्यावर तिने तिच्या मोडक्या मराठीत मला विचारलं, "तू तुझ्या बाबांचा केलाय ना हे? मी दोन्ही हातांनी उचलला, मग हळूहळू आत ठेवला. बरोबर आहे ना तसं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. सावडायला येत होतं मला, आणि सावडलं तिने. मान वर करून तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटतेय.

डनलूसला जरूर जा. रस्ता सुरेख आहे, किल्ला त्याहून सुरेख. संदीपने पाठवलेला व्हिडिओ मी पुसून टाकला, पण त्यात काय मोठंसं केलं?

घरी पोचलो तर आईचा फोन. गारद दिलीस का, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या दोघांच्या हातून राख सांडली तिथपर्यंत.  ती म्हणाली, "तू लगेच गेलास ना रे त्यांच्याजवळ?"

मी हो म्हटलं. आई हा ब्लॉग वाचते. नाही गेलो गं, आई.