चिंचेवरचे बगळे

परवा ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगखाली हळदीचा डीजे सुरू झाला, खिडकीची काच थरथरली आणि लहानपणी गावात झालेली ती जनसुनावणी आठवली. जवळच्या विमानतळाची धावपट्टी वाढवायची होती. त्रास होणार नाही हे पटवायला विमानतळाच्या साहेबांनी मंडपात स्पीकरवर विमानाचा आवाज ऐकवायला सांगितला. साऊंडवाला गावातलाच, त्याने हळदीच्या सवयीने व्हॉल्यूम फुल ठेवला. खुर्च्या हादरल्या, मी काकीचा हात घट्ट धरला. बाहेर चिंचेवरचे सगळे बगळे एकदम उडाले. "घाबरू नका, खरा आवाज एवढा नसेल," साहेब म्हणाले. "मग त्यांना बोलवा की परत!" काकी कडाडली. अंधार पडला तरी एकही बगळा उतरला नाही. घरट्यांत पिल्लं ओरडत राहिली. परवा काच थरथरली, तसं मी झोपलेल्या पोराला आधी उचललं.